विलायतेतले डेंटिस्ट सरकारी कंत्राटावरून भांडताहेत, आणि इकडे मी पॅनलवर सही करू की नको?

दाढीवाला_डॉक्टर (इंदूर)

मंडळी, राम राम. राजेंद्रनगरच्या बाजूला माझा दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे. दातांचा. बावीस वर्षं झाली. आमच्या बॅचची एक मैत्रीण इंग्लंडात एनएचएसमध्ये, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत, दात बघते. परवा तिचा फोन आला, तो पाऊण तास नुसती त्यांच्या कंत्राटाबद्दल बोलत होती. २००६ चं कंत्राट, त्यातले ते 'यूडीए', आता एप्रिल २०२६ पासूनचे बदल, आणि त्यावरून तिकडच्या डेंटिस्ट लोकांत पडलेले दोन तट.

मी 'हो का, हो का' करत होतो, पण लक्ष टेबलावरच्या फायलीवर. एका सरकारी पेन्शनर योजनेच्या पॅनलचा करार आलाय. (नाव लिहीत नाही, उगाच कोणाच्या डोळ्यावर कशाला यायचं.) दर ठरलेले, पेशंटकडून एक पैसा घ्यायचा नाही, बिल ऑनलाइन चढवायचं, पैसे येतील तेव्हा येतील. मागं चार वर्षं अशाच एका पॅनलवर होतो, थकून सोडलं. आता आजूबाजूच्या कॉलनीतले म्हातारे विचारतात, "डॉक्टरसाहेब, पुन्हा कधी घेणार?"

प्रश्न असा: सरकारी पैशानं दात दुरुस्त करायचे तर डॉक्टरला पैसे कशाचे द्यावेत? दाताचे, वेळेचे की माणसाचे? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी लिहा. जे त्या खुर्चीत तोंड उघडून बसलेत त्यांनी तर जरूर लिहा.

पोहे_विथ_सेव

भिया, सही करून टाका. सकाळी पोहे, सोबत जलेबी, रात्री सराफ्यात मावाबाटी. या शहरात डेंटिस्ट उपाशी मेला असं ऐकलंय का कधी?

मूळची_रामबागेची (शेफील्ड)

मी ती मैत्रीण नव्हे, पण तेच काम करते. इंदूरच्या सरकारी डेंटल कॉलेजची. एमवाय हॉस्पिटलसमोरचं. तेव्हा वसतिगृहाच्या गच्चीवरून एमवायची सगळी इमारत दिसायची.

यूडीए म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर आमचं भांडण कोणाला कळायचं नाही. २००६ च्या आधी इंग्लंडात प्रत्येक कामाचा वेगळा दर होता. एक दात भरला, इतके पैसे. एक उपटला, इतके. सरकारला वाटलं डॉक्टर भरत सुटलेत. मग कामांचे तीन पट्टे केले आणि प्रत्येकाला ठरावीक यूडीए, म्हणजे कामाचे गुण, लावले. नुसतं तपासणं वगैरे असेल तर १ यूडीए. फिलिंग, दाढ काढणं, रूट कॅनल असेल तर ३. कॅप, कवळी, ब्रिज असेल तर १२. दवाखान्यानं वर्षाला अमुक इतके यूडीए करून द्यायचे असा करार.

आता यातली २०२२ पर्यंतची गंमत बघा. एक दात भरा, ३. आठ दात भरा, तरी ३. दाढेचं रूट कॅनल दीड तास घासत बसा, ३. तीच दाढ दहा मिनिटांत उपटा, ३. मग कोणता डॉक्टर दीड तास बसेल? बसतात, मी बसलेय, पण तो दीड तास आपल्या खिशातून. ज्या भागात लोकांची तोंडं सगळ्यात खराब, तिथल्या डॉक्टरनं सगळ्यात जास्त राबायचं आणि मिळकत तीच.

आणखी एक. तुमच्या एका यूडीएला किती पौंड, हे तुमच्या दवाखान्यानं २००४-०५ मध्ये किती काम केलं होतं त्यावरून ठरलं. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन दवाखान्यांचे दर वेगळे. वीस वर्षांपूर्वी मालक सुट्टीवर गेला असेल तर आज त्याच्या जागी आलेला माणूस त्याचं फळ भोगतोय.

आणि ठरलेल्या आकड्याच्या ९६ टक्क्यांपेक्षा कमी भरलं की पैसे परत मागतात. याला 'क्लॉबॅक' म्हणतात. मार्च महिना आला की आमच्याकडे इंदूरच्या वसुलीवाल्या बँकेसारखं वातावरण असतं.

सुभेदार_निवृत्त_महू

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आपण पेशंट लोकांना विचारलं म्हणून लिहितो. टायपिंग हळू आहे.

आम्ही पॅनलवाले. दवाखान्यात गेलो की रिसेप्शनवरची मुलगी विचारते, "कॅश की पॅनल?" पॅनल म्हटलं की तिचा आवाज बदलतो. मग "सर आज बिझी आहेत, पुढच्या गुरुवारी या". माझ्या मागून कॅशवाला आला, तो आत गेला आणि बाहेरही आला. मी बाकड्यावरच होतो. एका ठिकाणी पॅनलवाल्यांचं बाकडं वेगळं होतं, पंख्यापासून लांब.

आपलं गणित खरं असेल. पण आमचंही एक गणित आहे. पेन्शनमध्ये दोन दाढांच्या कॅप बसत नाहीत.

ग्वाल्हेरची_दंतू

सुभेदार काका, वाचून वाईट वाटलं. मी डेंटिस्टच आहे, आणि माझ्याकडे वेगळं बाकडं नव्हतं एवढंच सांगू शकते. पण 'पुढच्या गुरुवारी' मी म्हटलंय. खोटं कशाला बोलू.

दादा, तुमच्या फायलीबद्दल. मी एका पॅनलवर साडेपाच वर्षं होते. दर कमी हा त्रास नव्हता. दर आधी माहीत होते, सही मीच केली होती. त्रास होता तो क्लेमचा. एक प्रसंग सांगते. एका आजींच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल केलं. आधीचा एक्स-रे, मधला, नंतरचा, तिन्ही चढवले. दोन महिन्यांनी शेरा आला, आणखी माहिती हवी. कसली? तर फिल्मवर पेशंटचं नाव दिसत नाही. अहो, ती सुपारीएवढी फिल्म, तिच्यावर नाव कुठं घालू? मग आरव्हीजीच्या (डिजिटल एक्स-रेच्या) स्क्रीनवर नाव टाइप करून फोटो काढला, चढवला. पुन्हा शेरा, तारीख दिसत नाही. तारीख घातली. तिसऱ्या वेळी क्लेम मंजूर झाला, पण कॅपच्या पैशात कटौती, कारण रेफरल चिठ्ठीवर '३६' लिहिलं होतं आणि मी बिलात 'खालची डावी पहिली दाढ' असं लिहिलं. डेंटिस्टच्या पोरालासुद्धा माहीत असतं की ३६ म्हणजे तीच दाढ!

कॅपचे पैसे मी लॅबला केव्हाच देऊन टाकले होते. लॅबवाला शेऱ्याची वाट बघत नाही.

त्या कामासाठी एक मुलगी पगारावर ठेवली होती. हिशेब केला तर पॅनलची सगळी कमाई तिचा पगार आणि स्कॅनर. मी सोडलं.

दाढीवाला_डॉक्टर (इंदूर)

ग्वाल्हेरकर बाई, ३६ चा किस्सा वाचून हसलो, मग रडलो. माझ्याकडे असा एक क्लेम परत आला होता की 'काढलेला दात दाखवा'. दात पेशंट घरी घेऊन गेला होता, नातवाला दाखवायला.

सुभेदारसाहेब, पंख्याचं लक्षात ठेवलंय.

सरळ_बोलतो

सगळे डॉक्टर एकमेकांच्या गळ्यात पडून रडताहेत, म्हणून जरा पाणी टाकतो. माझ्या बायकोच्या एका दाताचे नऊ हजार घेतले. कॅप धरून. तिथं कोणी म्हटलं नाही की 'दर कमी पडतात'. सरकारी दरात तोटा असेल तर पॅनलवर इतके दवाखाने कसे? बाहेर बोर्ड तर ठळक लावतात.

ग्वाल्हेरची_दंतू

@सरळ_बोलतो, बोर्ड लावतात कारण पॅनलचा पेशंट मुलाला आणि सुनेला घेऊन येतो, आणि ते कॅश देतात. हे आमच्या धंद्यातलं उघडं गुपित आहे. म्हणजे सुभेदार काकांच्या दाढेचा तोटा तुमच्या बायकोच्या नऊ हजारांतून भरून निघतो. झालं समाधान?

सरळ_बोलतो

नाही झालं. पण उत्तर प्रामाणिक आहे.

लेस्टरची_मावशी

अरे, इकडच्या पेशंटची पण ऐका! आम्ही मूळचे वैशालीनगरचे, आता मुलाकडे लेस्टरला. मागच्या वर्षी माझी दाढ ठणकायला लागली. मुलानं अकरा दवाखान्यांत फोन केले. 'एनएचएसचे नवीन पेशंट घेत नाही, खासगीत उद्याच या.' बाराव्यानं नाव लिहून घेतलं, आणि अजून त्याचा फोन यायचाय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलला एक दवाखाना एनएचएस पेशंटांसाठी उघडला, तर इतकी रांग लागली की पोलीस आले. इथल्या सगळ्या टीव्हीवर दाखवत होते. मला आपलं एमवायच्या ओपीडीचं आठवलं, फक्त इथं सगळे गप्प उभे.

शेवटी लवंगेच्या तेलावर तीन आठवडे काढले आणि दिवाळीला इंदूरला आले तेव्हा रूट कॅनल करून घेतलं. विमानाचं तिकीट असंही काढलेलंच होतं. फराळ मात्र एका बाजूनं खाल्ला.

पोहे_विथ_सेव

मावशी, चकली एका बाजूनं? शिक्षा आहे ही.

वडोदऱ्याचा_मराठा

आमच्याकडे लोकांना वाटतं आयुष्मान कार्ड आहे म्हणजे दात फुकट. कार्ड दाखवतात, तोंड उघडतात. मग समजावून सांगावं लागतं की काका, जबड्याचं हाड मोडलं तर चालेल, दाढ किडली तर नाही. एकजण म्हणाला, "म्हणजे आधी पडून यायचं का?"

गुजरातेत ५ लाखांची मर्यादा २०२३ ला १० लाख केली, पण दाढ भरायला त्यातलं काही मिळत नाही. मर्यादा वाढवा की कोटी करा, साध्या फिलिंगला जागाच नाही.

धारकर_काका

यात एक मुद्दा कोणी बोललं नाही. मी दंतवैद्य नाही, पाणीपुरवठ्याच्या कामात धार-झाबुआ भागात नोकरी झाली. तिथल्या काही गावांत हातपंपाचं पाणी असं की पोरांचे पुढचे दात तपकिरी, पट्टे पट्टे असलेले. फ्लोराइड जास्त. मुली ओढणीनं तोंड झाकून हसतात. डॉक्टरला प्रत्येक दाताचे पैसे द्या की तासाचे द्या, तिथं दात वाचतो तो पंप बदलल्यावर. आणि पंप बदलणाऱ्याला दातांच्या खात्यातून कोणी पैसे देत नाही.

मूळची_रामबागेची (शेफील्ड)

काका, अगदी. गंमत म्हणजे इंग्लंडात उलटं, पाण्यात फ्लोराइड घालतात, काही भागांतच. प्रमाणाचा सगळा खेळ.

आणि तुमचा मुद्दा आमच्या भांडणाच्या अगदी मुळाशी आहे. २००६ च्या कंत्राटात पोराच्या आईला पंधरा मिनिटं बसवून 'रात्री दुधाच्या बाटलीत साखर घालू नको' हे समजावण्याला वेगळं मोल नाही. समजावलं काय, न समजावलं काय, तपासणीचा १ यूडीए तो १.

गुटखामुक्त_मी

इंदूरच्या डॉक्टरांना विचारतो. चार बोटं तोंडात जात नाहीत आता, तीनच जातात. दहा वर्षं पुड्या खाल्ल्या, दीड वर्ष झालं सोडून. हे कुठल्या पॅनलमध्ये बसतं?

दाढीवाला_डॉक्टर (इंदूर)

भाऊ, धागा बाजूला ठेवा आणि या आठवड्यात सरकारी डेंटल कॉलेजात दाखवा. तिथं ओरल मेडिसिनची ओपीडी आहे. सोडलंत ते फार मोठं केलंत. तोंडात पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम असेल तर उद्याच जा, आठवड्याची वाट बघू नका.

बीडीएस_चौथं_वर्ष

सर-मॅडम, थोडं विषयाबाहेर. इतकं ऐकल्यावर ओआरई, म्हणजे बाहेर शिकलेल्या डेंटिस्टला यूकेत नोंदणीसाठी द्यावी लागते ती परीक्षा, द्यायची की नाही? आमच्या हॉस्टेलवर निम्मी मुलं 'यूके, यूके' करतात.

मूळची_रामबागेची (शेफील्ड)

दे. पण डोळे उघडे ठेवून. परीक्षेचे दोन भाग, दुसऱ्या भागाची जागा मिळायलाच लोक ताटकळतात. पास झाल्यावर जिथं इथल्या डॉक्टरांना जायचं नसतं, तिथं नोकरी मिळते. समुद्रकिनाऱ्याची ओस पडलेली गावं, पेशंटची रीघ, आणि दर शुक्रवारी मॅनेजर विचारणार, "किती यूडीए झाले?" मी पहिल्या वर्षी झोपेत पण मोजायचे.

कवळीपंथी

कवळीवरून कोणी काही बोललं नाही याचं नवल वाटतं. आमचे आजोबा जुन्या इंदूरचे. आत्याच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणताना 'सावधान'ला कवळी निसटली आणि थेट अक्षतांच्या ताटात. भटजी पुढे म्हणत राहिले. आत्याचा संसार सुखाचा झाला.

विषयाला धरून एक: एनएचएस १९४८ ला सुरू झाली तेव्हा चष्मा आणि कवळी फुकट होती. लोकांनी अशी झुंबड केली की १९५१ मध्ये दोन्हीला पैसे लावायची वेळ आली, आणि ज्यानं ती योजना उभी केली तो मंत्री, अनायरिन बेव्हन, त्यावरून राजीनामा देऊन मोकळा झाला. कवळीनं मंत्री पाडला. आमच्या आजोबांनी फक्त अक्षता सांडल्या.

मूळची_रामबागेची (शेफील्ड)

आणि आज ब्रिटिश डेंटल असोसिएशन म्हणते की एनएचएसवर एक कवळी करून दिली की साधारण दवाखान्याला ४२ पौंडांवर तोटा होतो. माझा अनुभव त्याहून वेगळा नाही. चार-पाच वेळा पेशंट येतो, लॅबचं बिल वेगळं.

दाढीवाला_डॉक्टर (इंदूर)

ताई, मग नवीन बदलांनी हे सुटतं का? माझी मैत्रीण म्हणते 'नुसती रंगरंगोटी'. तिचा नवरा, तोही डेंटिस्ट, म्हणतो 'वीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हललं'. जेवणाच्या टेबलावर रोज तमाशा.

मूळची_रामबागेची (शेफील्ड)

दोघंही बरोबर आहेत, म्हणून तमाशा मिटत नाही.

क्रमानं सांगते. २०२२ च्या शेवटी मधला पट्टा फोडला. तीन किंवा जास्त दातांची फिलिंग असतील तर ३ ऐवजी ५, दाढेचं रूट कॅनल असेल तर ७. आणि एका यूडीएला निदान २३ पौंड तरी द्यायचेच, असा तळ बांधला. २०२४ ला तो २८ केला, वर नवीन पेशंट घेतला तर जादा पैसे. याचं काय झालं? संसदेच्या लोकलेखा समितीनं एप्रिल २०२५ मध्ये सरळ लिहिलं की योजना साफ फसली. जादा पैसे देऊनही नवीन पेशंट वाढायच्या ऐवजी घटले.

आता एप्रिल २०२६ चे बदल. एक, अचानक ठणका घेऊन आलेल्या पेशंटसाठी प्रत्येक दवाखान्यानं जागा राखायची, हे करारातच बांधलं. दोन, ज्यांची तोंडं फार खराब आहेत, बरेच दात किडलेले किंवा हिरड्या गेलेल्या, त्यांच्यासाठी पट्ट्यांबाहेरचं एकरकमी पॅकेज. यातलं दुसरं मला आवडलं. पहिल्यांदाच कोणीतरी कबूल केलं की सहा दात म्हणजे एक दात नव्हे.

माझी तक्रार पहिल्यावर. ठणकणारा पेशंट बघायचाच, त्यावर वाद नाही. लेस्टरच्या मावशीसारखे लोक लवंगेच्या तेलावर राहू नयेत. पण त्याला दिलेली वेळ कुणाच्या तरी तपासणीतून जाणार, कारण एकूण रक्कम तीच. चादर तीच आहे, डोकं झाकलं की पाय उघडे. आणि यूडीए अजून जिवंत आहे.

अॅबर्डीन_आणि_थंडी

स्कॉटलंड वेगळं आहे, विसरू नका. आमच्याकडे यूडीए कधीच नव्हते. कामागणिक दर होते, चारशेच्या वर कलमं. नोव्हेंबर २०२३ ला त्याची ४५ केली. कागद कमी झाला हे खरं. पण माझ्या भागात डॉक्टरच नाहीत, ४५ कलमं वाचायला सुद्धा.

सरळ_बोलतो

थोडक्यात काय, दाताचे पैसे दिले तर डॉक्टर दात शोधतो, पट्ट्याचे दिले तर सोपा पेशंट शोधतो, आणि पगार दिला तर घड्याळ बघतो.

धारकर_काका

आमच्या खात्यात आम्ही घड्याळ बघत होतो, कबूल. पण पंप बदलले.

सुभेदार_निवृत्त_महू

तिन्ही प्रकारचे डॉक्टर पाहिले. पलटणीत पगारी होता. तो दात काढताना शिव्या द्यायचा, पण काढायचा त्याच दिवशी.

दाढीवाला_डॉक्टर (इंदूर)

मंडळी, नऊ दिवसांनी आलो. दरम्यान काय झालं ते सांगतो.

ग्वाल्हेरकर बाईंचं वाचून मी जुन्या पॅनलचं रजिस्टर काढलं. चार वर्षांत दोनशे अकरा पेशंट. कटौती आणि उशीर जमेस धरून, लॅब आणि सामान वजा जाता हातात काय राहिलं ते काढलं. आकडा इथं टाकत नाही, सरळ_बोलतो यांना वाटेल मी मुद्दाम कमी लिहिला. तोटा नव्हता. नफा म्हणावा असंही काही नव्हतं. पण रजिस्टरच्या मागच्या पानावर त्या दोनशे अकरांतल्या किती जणांनी पुढं घरातलं माणूस आणलं तेही लिहिलेलं होतं, माझ्या कंपाउंडरनं, स्वतःच्या डोक्यानं. एकशे चाळीसच्या वर. बाई, तुमचं उघडं गुपित माझ्याच कपाटात निघालं.

मग करारातल्या दोन कलमांवर बोलायला त्यांच्या ऑफिसात गेलो. साहेब चांगले होते, चहा दिला. म्हणाले, "डॉक्टर, हा छापील आहे. सही करा किंवा नका करू." शेफील्डच्या ताई, तुमचे डेंटिस्ट निदान सरकारशी भांडू तरी शकतात.

सही केली. पॅनलच्या मोठ्या कामांसाठी मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ ठेवलीय. ठणका असेल त्याला कधीही. क्लेमचं काम माझी मुलगी बघणार, बीकॉमला आहे, तिला सांगून ठेवलंय की ३६ लिहायचं आणि खाली अक्षरातही लिहायचं.

ग्वाल्हेरची_दंतू

दादा, एक फुकटचा सल्ला. प्रत्येक एक्स-रेवर नाव, तारीख, कार्ड नंबर. आणि काढलेला दात नातवाला देऊ नका.

बीडीएस_चौथं_वर्ष

सर, इंटर्नशिपनंतर तुमच्याकडे बसायला मिळेल का?

दाढीवाला_डॉक्टर (इंदूर)

स्कॅनर चालवता येतो का, ते आधी सांग.

गुटखामुक्त_मी

दाखवून आलो. बायोप्सी घेतली नाही, गरज नाही म्हणाले. तोंडाचे व्यायाम दिलेत, आइसक्रीमच्या काड्या दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. सध्या अकरा.

सुभेदार_निवृत्त_महू

डॉक्टरसाहेब, मंगळवारी येतो. वरची डावी, मागून दुसरी. रेफरल काढलंय. महूहून बसनं येणार, राजेंद्रनगरला उतरून किती चालावं लागेल?

दाढीवाला_डॉक्टर (इंदूर)

पुलाजवळ उतरा, फोन करा. माझा मुलगा स्कूटर घेऊन येईल. पंखा दुरुस्त करून घेतलाय.